सखीसाठी आणलेला माईक

माझा आवाज मोठा आहे हे मला कोणी सांगायला नको. निजामपुऱ्यात वाढले, चारी बाजूंनी कापड विणणारे लूम, तिथे हळू बोलणाऱ्याला घरचेसुद्धा विचारत नाहीत. शाळेत मुलं मागून मला ‘भोंगा बाई’ म्हणतात. म्हणोत बापडी. भाग्यश्री प्रधानचं गणित मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं, हा माझा तोरा होता. तो आज सकाळी शाळेच्या व्हरांड्यात उतरला, आणि उतरवला तो जिला धड ऐकू येत नाही अशा मुलीने.

थांबा, नीट सांगते. मघापासून डोकं ठिकाणावर नाही माझं.

आमच्या शाळेत दहावीची ‘प्रज्ञा तुकडी’ आहे. सकाळी सातला तास, गणित-विज्ञान बोर्डाच्या पुढचं, दर शनिवारी परीक्षा. इथून निघालेली मुलं सायन्सला जातात आणि टिकतात. इतकी वर्षं त्या तुकडीत धडधाकट मुलंच बसायची. यंदा मुख्याध्यापक प्रभाकर सर म्हणाले, “अभ्यास सोपा करायचा नाही. पण मुलाच्या पायाची, कानाची, डोळ्याची अडचण आपण सोडवायची.” सगळ्यात आधी टाळी मी वाजवली, खोटं कशाला बोलू.

म्हणून सखी आली. अकलोलीच्या पुढे डोंगरात तिचा पाडा आहे, राहायची इथल्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहात. एका कानाने अजिबात नाही, दुसऱ्याला मशीन. ते मशीन बसवताना हॉस्पिटलात कान तपासणारी एक मॅडम तिने पाहिली, आणि तेव्हापासून हिला तेच व्हायचंय. “सायन्स पायजे ना, बाई, त्याला?” पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं. पहिले काही आठवडे पहिल्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे अशी टक लावून बघायची, की मलाच अवघडायला व्हायचं. शनिवारच्या परीक्षेत मात्र पहिल्या तिघांत.

मग दर्शन आला. तो चाकाच्या खुर्चीवर असतो आणि वर्ग होता दुसऱ्या मजल्यावर. एका दिवसात आम्ही अख्खी तुकडी तळमजल्यावर आणली. दर्शन खूश, आम्हीही खूश. पण तळमजल्याची मागची भिंत म्हणजे शेजारच्या लूमचीच भिंत! दिवसभर खटॅक-खटॅक. मी तणतणत मालकाकडे गेले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “मॅडम, शिफ्ट चालू है, लूम कैसे बंद करूँ?”

तेव्हा ही माझी अक्कल चालली. माईक! सरांना म्हटलं, आपल्याला एवढा आवाज येतो तर त्या पोरीचं काय होत असेल, माईक आणि स्पीकर घेऊन टाका. माजी विद्यार्थ्यांनी तो भेट दिला. छोटा कार्यक्रम झाला, सखीच्या हातून नारळ फोडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाळेच्या ग्रुपवर माझा फोटो पडला, माईक अगदी ओठांना लावलेला, गणपतीच्या मांडवात उभं राहिल्यासारखा. मला किती छान वाटलं म्हणून सांगू! आता आठवलं की अंगावर काटा येतो.

त्यानंतर सखी घसरायला लागली. श्रेढी गेली, वर्गसमीकरणं गेली. “समजलं का गं?” माईकमधून विचारलं की मान हलवायची. वहीत बघावं तर भलतंच. माझं डोकं फिरायचं. “मान हलवायला काय जातं तुझं? एवढं सगळं तुझ्यासाठी केलंय ना आम्ही?” असं भर वर्गात म्हटलंय मी तिला. त्यालाही ती मान हलवायची.

सहामाहीत ती तुकडीत शेवटून दुसरी आली. शुक्रवारी पेपरांचा गठ्ठा घेऊन मी तरातरा सरांच्या ऑफिसात गेले. ऑफिसला व्हरांड्याच्या बाजूने मोठी काच आहे. मी त्या काचेकडे तोंड करून बसले होते, सर पाठमोरे. सर म्हणत होते, जरा धीर धरा, तिला काय अडतंय ते बघू. आणि मी म्हटलं, “सर, मी सगळं करून बघितलं. सखीमुळे तुकडीचा निकाल पडेल. तिला हे झेपणार नाही, तिला साध्या वर्गात पाठवा.”

एवढ्यात माझं लक्ष काचेपलीकडे गेलं. सखी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. मी तिच्याकडे बघून हसले. हो, हसले! दार बंद होतं, लूम धडधडत होते आणि पोरीला ऐकू येत नाही, मग भ्यायचं कशाला?

शनिवारच्या परीक्षेला ती आली नाही. आणि आज सोमवार, सातचा तास संपवून बाहेर आले तर व्हरांड्यात तिचे वडील उभे. देवू. खांद्यावर तिची पत्र्याची पेटी, पायात धुळीने भरलेल्या चपला. शेजारी सखी आणि समजूत घालणारे प्रभाकर सर.

“पोर म्हनते न्हाय शिकत,” देवू मला म्हणाला. “वसतिगृहातनं नाव काढून घ्यायला आलूं, बाई. मी लय सांगितला, आयकत न्हाय.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माईक हातातच होता, तो मी शेजारच्या बाकावर आपटला आणि सखीसमोर जाऊन उभी राहिले.

“शाळा सोडतेस? अगं, कान तपासणारी मॅडम व्हायचं होतं ना तुला? कोणी भरवलं हे डोक्यात?”

“तुमीच बोललांव, बाई.”

“मी? कधी?”

“शुक्रवारी. काचंतनं.” तिचा आवाज जरा सपाट येतो, तिला स्वतःचाच कमी ऐकू येतो म्हणून. “सगळा न्हाय दिसला. सखीमुळं निकाल पडंल, यवढा दिसला. मंग झेपनार न्हाय, ता दिसला.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही फरशी दुभंगावी आणि मी आत जावं. तरी माझी जीभ, मेली, थांबेना.

“ओठ वाचता येतात तुला? मग वर्गात काय झालं होतं? रोज तर तुझ्यासमोर उभी राहून घसा फोडते मी!”

“वर्गात तोंड न्हाय दिसत तुमचा.” तिने बाकावरच्या माईककडे बोट केलं. “त्यो असतो पुढं. आन् मशीनमदी नुसता खरखर, लूमचा आन् त्याचा येकच व्हतं. वरच्या मजल्यावर व्हतूं तवा दिसायचा.”

तीन महिने. त्या पोरीसमोर मी तीन महिने तोंड झाकून शिकवत होते, आणि ती टक लावून त्या काळ्या बोंडाकडे बघत बसायची. त्या तीन महिन्यांत माझ्या तोंडचं एकच वाक्य तिला स्वच्छ दिसलं आणि ते कोणतं, तर हे! देवा रे.

“मग सांगितलं का नाहीस, बाळा?” ते मी विचारलं की ओरडले, मलाच ठाऊक नाही.

सखीने खाली बघितलं. “तुमी माझ्यासाठीच आनलाव ना, बाई. नारळ फोडला. सगल्यांनी टाल्या वाजवल्या. मंग कसा सांगू?”

मी तिला मान हलवते म्हणून भर वर्गात बोलले होते. माझ्या हौसेला धक्का लागू नये म्हणून पोर मान हलवत होती आणि स्वतःचं वर्ष घालवत होती. माझे डोळे भरले, हुंदका आवरेना, मी पदर तोंडाशी धरला आणि म्हटलं, “चुकलं गं माझं. फार मोठं चुकलं. जाऊ नकोस.”

सरांना ऐकू गेलं. देवूलाही गेलं, तो घाईघाईने म्हणाला, “असूं द्या बाई, रडूं नका.” सखी मात्र माझ्याकडे नुसती बघत उभी होती. वर्गात बघायची तश्शीच.

मग ती हळूच म्हणाली, “बाई, पदर काढा. काय बोललांव, न्हाय दिसला.”

मी पदर खाली घेतला. नाक लाल, ओठ थरथरतायत, सात वाजताची अख्खी तुकडी दारात जमलेली, दर्शनची खुर्ची सगळ्यांत पुढे. अशा वेळी माणूस तोंड लपवतो. मला ते उघडं ठेवून पुन्हा बोलायचं होतं, आणि आवाजाचा काही उपयोग नव्हता. मी सावकाश म्हटलं, “माझं चुकलं, सखी. तुला झेपतं. मीच नीट शिकवलं नाही.”

माझे ओठ मिटेपर्यंत तिने नजर हलवली नाही. मग वडिलांकडे वळली.

“बाबा, पेटी खाली ठेव. आजचा तास बाईंना परत घेऊं दे, तोंडानं. मंग बघू.”

देवूने पेटी भिंतीशी ठेवली आणि तिच्यावरच बसला. मी खडू घेतला, माईक बाकावरच राहू दिला आणि वर्गात गेले. फळ्याकडे वळून पहिलं समीकरण लिहिलं आणि सवयीने, फळ्याकडेच तोंड करून, मोठ्याने समजावायला लागले. मागून बाकावर टकटक झाली. मी वळले. सखी पहिल्या बाकावर बसून माझी वाट बघत होती.