सतरा नंबरचा नळ

संपादकांना माणसांचं वावडं होतं. शहराचं ते छोटं दैनिक त्यांनी बावीस वर्षं आपल्या खोलीत बसूनच चालवलं. लोकांना काय वाचायला हवंय हे आपल्याला उपजतच कळतं, अशी त्यांची समजूत. खप घसरायला लागला तेव्हा त्यांची एकुलती एक वार्ताहर, जिला अख्खी कचेरी 'भिंगरी' म्हणायची, त्यांना एका मंगळवारी अक्षरशः ओढत भाजीबाजारात घेऊन गेली. तिथे टेबल मांडून तिने पाटी लावली : 'आम्ही काय शोधून काढू? तुम्ही सांगा.'

लोक काय, बोलायलाच टपलेले. एकाला शेजाऱ्याचा कोंबडा नको होता. एका बाईला, नवरा दुपारचा नेमका जातो कुठे, ते हवं होतं. नवरा तिच्या मागेच पिशव्या घेऊन उभा. एका गृहस्थाने कालचं शब्दकोडं चुकल्याबद्दल संपादकांना दहा मिनिटं फैलावर घेतलं.

शेवटी एका भाजीवाल्या मावशीने टेबलावर थाप मारली. "ते राहू दे सगळं. या बाजारातला सार्वजनिक नळ कुठे गेला, तेवढं शोधा. वर्ष झालं, घरून डबे भरून आणतेय मी."

भिंगरीने पाणीखात्याला विचारलं. ऐटबाज सहीचं उत्तर आलं : शहरात चाळीस सार्वजनिक नळ असून सर्व सुरळीत चालू आहेत. सोबत यादी. भिंगरीने ती पत्त्यांसकट जशीच्या तशी छापली आणि खाली लिहिलं : 'जवळच्या नळावर जा. पाणी प्या. आम्हाला कळवा.'

शहराला एकदम तहान लागली. एका आजोबांनी दिवसभरात अकरा नळांचं पाणी पिऊन पोटाचा नगारा करून घेतला. एक नळ केशकर्तनालयाच्या आत निघाला. एक ठणठणीत होता, फक्त त्याला पाइप जोडायचं राहून गेलं होतं. कचेरीतल्या नकाशावर हिरव्या-लाल टाचण्या चढू लागल्या आणि संपादक चक्क खोलीबाहेर येऊन चिठ्ठ्या मोठ्याने वाचू लागले. त्या भरात त्यांनी अग्रलेख ठोकला : 'जनतेचं पाणी ज्यांनी कुंपणाआड दडवलं, त्यांना आम्ही फोटोसकट छापू!'

दुसऱ्याच दिवशी निवृत्त भूमितीशिक्षक, म्हणजे फूटपट्टी मास्तर, मोजपट्टी गुंडाळत आत आले.

"सतरा नंबर सापडला."

"वा! कुठे?" संपादकांनी टाचणी उचलली.

"तुमच्या न्हाणीघरामागे."

टाचणी हातातच राहिली. "अहो, ते आमच्या सासूबाईंचं घर आहे. आम्ही फक्त राहतो तिथे."

"म्हणून तर खात्री करून आलो. त्यांनी चहाही पाजला. त्याच पाण्याचा."

भिंगरी खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे मात्र हलत होते.

संपादक तडक घरी गेले. सासूबाई गुलाबांना पाणी घालत होत्या.

"आई, हा नळ कुणाचा?"

"सरकारी."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? तुमच्या सासऱ्यांनी कुंपण दोन फूट पुढे सरकवलं, तेव्हा विटा मीच हातात देत होते. धार बघा कशी आहे! पंधरा वर्षं याच पाण्याने आंघोळ करताय जावईबापू, आजच बोचायला लागलं?"

संपादक पाय ओढत कचेरीत परतले. "सतरा नंबरपुढे 'तपास सुरू' असं घालू या," ते हळूच म्हणाले.

भिंगरीने कालचा अग्रलेख त्यांच्यापुढे सरकवला. मास्तरांनी खुर्ची ओढून बैठक मारली. "मी थांबतो. मला कसली घाई नाही."

संपादक बराच वेळ पेन्सिल चावत बसले. मग स्वतःच्याच हाताने मथळा लिहिला : 'सतरा नंबरचा नळ संपादकांच्या घरात'. पुन्हा घरी जाऊन, आता वीज कोसळणार अशा तयारीने ते म्हणाले, "आई, तुमचा फोटो छापावा लागेल."

"पहिल्या पानावर?"

"हो."

"मग उजेड आहे तोवर काढा. थांबा, केस नीट करून येते."

सकाळी अख्खं शहर पोट धरून हसलं. फोटोत सासूबाई हातात रबरी नळी घेऊन महाराणीसारख्या उभ्या होत्या. पण त्याच दुपारी चार जणांचे फोन आले : आमच्याकडेही एक नळ आहे, पण फोटो नको. पाणीखात्याला नवी यादी काढावी लागली. तिच्यावरची सही बरीच लहान होती. दोन महिन्यांनी बाजारातला नळ वाहू लागला, तेव्हा हिरवी टाचणी टोचायला भाजीवाली मावशी स्वतः कचेरीत आली.

घराचं कुंपण दोन फूट मागे आलं, तीन गुलाब गेले. सासूबाई दोन दिवस फुगून बसल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पाणी भरायला येणारा प्रत्येक जण आता आयताच आपल्या तावडीत सापडतोय. त्या पायरीवर खुर्ची टाकून बसू लागल्या. आता जावई जेवायला बसला रे बसला, की त्या सुरू करतात : दवाखान्यातला डॉक्टर मंगळवारी येतच नाही, शाळेच्या मागच्या दाराला कुलूप असतं...

"आई, निदान घास तरी गिळू द्या."

"गिळा ना. मी कुठे अडवलंय? डाव्या हाताने लिहून घ्या."

आणि संपादक लिहून घेतात.