छकुली डार्लिंग

एकतीस वर्षं होड्यांवर नावं रंगवून पेंटरचं नावांवरून मन इतकं उडालं होतं, की कुणी नवा माणूस ओळख करून द्यायला पुढे आला तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. आजवर त्याने सत्तावीस 'सागरराणी' रंगवल्या होत्या, त्यातल्या निम्म्याअधिक गळक्या. नऊ 'वादळवीर' होते, आणि वारा सुटला की नऊच्या नऊ धक्क्याला चिकटून बसत. एका 'आईचा आशीर्वाद'चा मालक आईशी सहा वर्षं बोलत नव्हता. गिऱ्हाईक नावाची चिठ्ठी पुढे करी. पेंटर ती नासलेल्या दुधाकडे बघावं तशी लांबूनच बघे आणि "बरं" म्हणे. त्या एका "बरं"ने धक्क्यावर कित्येकांचा हिरमोड झाला होता.

असल्या माणसाने वयाच्या साठाव्या वर्षी स्वतःची होडी घेतली, तेव्हा धक्क्यावर कोण आनंद झाला.

होडी घेतली बायकोसाठी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने तिला पाण्यातून फिरवून आणायचं कबूल केलं होतं. आधी होडी नव्हती, मग सवड नव्हती, आणि सवड झाली तेव्हा बायकोच्या गुडघ्यांनी संप पुकारला. धक्क्यावर सगळीकडे होडीत उतरायला उभी लोखंडी शिडी. दगडी पायऱ्या एकाच जागेला, आणि ती जागा नुकतीच रिकामी झाली होती. नोंदणी कारकुनाने सांगितलं, शनिवारी दुपारी बारापर्यंत होडी नावासकट दाखवा, जागा तुमची. नाहीतर यादीत पुढचा नंबर गाद्यांच्या दुकानदाराचा. त्याचे गुडघे ठणठणीत होते.

अडचण होती ती होडीच्या पाठीवर. होडी दातांच्या डॉक्टरची. डॉक्टरची कंबर धरली म्हणून त्याने ती विकायला काढली. तिच्यावर ठसठशीत तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं 'छकुली डार्लिंग', आणि शेजारी बाण घुसलेला एक बदाम.

हे नाव चार वर्षांपूर्वी पेंटरनेच रंगवलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नव्हता. नुसतं छकुली असतं तर एक वेळ सोसलं असतं, त्याने बायकोला सांगितलं होतं, पण वर आणखी डार्लिंग, म्हणजे असलेल्या दातांवर कवळी बसवल्यासारखं. पुढे तीन महिने तो चहाच्या टपरीवर डॉक्टरची नक्कल करून दाखवत होता, कंबरेवर हात ठेवून, मान वाकडी करून. नक्कल फार चांगली होत असे. टपरीवरचं कोणी ती विसरलं नव्हतं.

तेव्हा आता नवं नाव हवं होतं, आणि ते असं हवं होतं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

सोमवारी मेहुणा चाळीस नावांची टाइप केलेली यादी घेऊन आला. मेहुणा विमा विकायचा, त्यामुळे त्याला 'नाही' ऐकू येत नसे. 'जलपरी'पासून सुरुवात करून तो 'लाटेश्वरी'पर्यंत पोचला तेव्हा पेंटर उठून मागच्या दारी गेला आणि खरोखरच थुंकून आला. मग त्याने स्वतः विचार सुरू केला. पण मनात येईल ते नाव त्याने आधीच कुणाच्या तरी पाठीवर काढलेलं होतं, आणि प्रत्येक नावामागून त्या मालकाचा चेहरा डोकावत होता. 'चांदणी' म्हटलं की नाकात बोट घालणारा मासळीचा ठेकेदार दिसे. 'पाखरू' म्हटलं की पाखराच्या चौपट वजनाचे दोघे भाऊ. चांगलं नाव असं जगात एकही शिल्लक नव्हतं, सगळी उष्टी झाली होती.

बुधवारी जेवताना त्याने अगदी नाइलाजाने बायकोचंच नाव द्यायची तयारी दाखवली.

बायकोने घास खाली ठेवला. "म्हणजे दरवर्षी मला उलटी पालथी घालून माझं बूड खरवडणार, आणि गावभर सांगत फिरणार, यंदा फार शेवाळ धरलंय म्हणून?"

"मग तू सांग एखादं."

"मला नावाचं काय करायचंय? मला बसायचंय."

गुरुवारी त्याने निदान जुनं नाव तरी काढून टाकावं म्हणून खरवडायचा पत्रा हातात घेतला. तासाभरात 'छकुली'वरचा रंग निघाला आणि रंगाखाली 'छकुली' निघाली, पाठोपाठ 'डार्लिंग' आणि बदामही. पेंटर बघत राहिला. मग त्याला आठवलं. नाव कधी पुसलं जाऊ नये अशी डॉक्टरची इच्छा होती, म्हणून पेंटरने स्वतः प्रत्येक अक्षर आणि बदामही पटाशीने नखभर खोल कोरला होता. वर फुशारकीने म्हणाला होता, होडी जाईल डॉक्टर, नाव जाणार नाही. असलं काम त्याने जन्मात एकदाच केलं होतं. आणखी खरवडलं तर फळीला भोक पडलं असतं. खाचा पुट्टीने भरायच्या तर पुट्टी वाळायला चार दिवस हवेत. हे त्यानेच सगळ्या धक्क्याला शिकवलं होतं, आणि घाई करणाऱ्यांना चारचौघांत झापलंही होतं.

शुक्रवारी तो कारकुनाकडे गेला. वरून दुसरी फळी ठोकली तर? चालणार नाही, लोक फळ्या बदलतात. बाजूला दुसरं नाव लिहिलं तर? एका होडीला दोन नावं नाहीत. सोमवारपर्यंत मुदत? कारकुनाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. गाद्यांचा दुकानदार टेप घेऊन पायऱ्यांची रुंदी मोजत होता.

"नावाला अडलंय होय?" कारकून म्हणाला. "तुमच्यासारख्या माणसाचं?"

पेंटर तडक बाहेर पडला. उत्तर दिलं असतं तर ते नोंदवहीत लिहिण्यासारखं नसतं.

शनिवारी सकाळी तो रंगाचा डबा घेऊन होडीमागे उकिडवा बसला. स्वतःच्या हातांनी कोरलेले खड्डे समोर होते, आणि ते देखणे होते हीच जास्त किळसवाणी गोष्ट होती. इतका गोल 'छ' त्याने नंतर कधी काढला नव्हता. बायको शेजारी स्टुलावर बसली होती, डोक्याला रुमाल बांधून, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन, गाडीची वाट बघावी तशी. तिने काही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

पेंटरने ब्रश बुडवला. औषध पिताना करावं तसं तोंड केलं आणि 'छकुली डार्लिंग' पुन्हा भरायला घेतलं. हात वाईट काम करायला तयार होईना, त्यामुळे अक्षरं आधीपेक्षाही चांगली उमटली. बदामाकडे तो बराच वेळ बघत राहिला. शेवटी कोरलेल्या बदामात नुसती रेघ ओढली तर काम अर्धवट दिसतं, म्हणून तोही भरला.

पावणेबाराला कारकून आला. त्याने अर्ज वाचला, होडी वाचली, पुन्हा अर्ज वाचला. त्याच्या मिश्या हलल्या, पण सरकारी माणूस, हसला नाही. शिक्का मारला.

तोवर टपरी अख्खी पायऱ्यांवर जमली होती. दातांचा डॉक्टरही पट्टा बांधलेली कंबर सांभाळत आला, आणि डोळे पुसून म्हणाला, "पेंटर, मला ठाऊक होतं. तुम्ही वरवर बोलायचात, पण आतून तुम्हाला हे नाव आवडलं होतं." आणि त्याने पेंटरला मिठी मारली. पेंटर ओंडक्यासारखा उभा राहिला.

बायको एकेक पायरी उतरली, होडीत बसली, आणि दोन्ही हातांनी कड धरून तिने पाण्यात वाकून पाहिलं. पेंटरने वल्ही मारायला सुरुवात केली. पायऱ्यांवरून चार-पाच गळे एकदम ओरडले, "सांभाळून न्या हो छकुलीला!" बायकोने हात हलवला. पेंटरने नाही.

धक्का मागे पडला. माणसं अंगठ्याएवढी झाली, मग मुंगीएवढी. वारा सुटला होता, पेंटरला घाम फुटला होता.

"अहो, किती लांब नेताय?" बायको म्हणाली. "इथून छान दिसतंय की सगळं."

"माझी अक्षरं दोनशे पावलांवरून वाचता येतात," पेंटर म्हणाला, आणि वल्ही मारत राहिला.