दुखण्याचा लिलाव

पोळ्याच्या मिरवणुकीत वेशीतून पहिली बैलजोडी कुणाची, एवढ्यावरून अंगदने थोरल्या चुलत भावाला, गोरक्षनाथला, फावड्याच्या दांड्याने झोडपलं. गोरक्षनाथही काही हात बांधून उभा नव्हता. त्याने हातातल्या कड्याने अंगदचं डोकं फोडलं, मनगट पिरगाळून मोडलं. बैल उधळले, बायका किंचाळल्या, आणि गावाने दोघांना एकाच टेम्पोत कोंबून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. टेम्पोतही दोघं एकमेकांना लाथा झाडतच होते.

खाटाही शेजारशेजारच मिळाल्या. दारात हवालदार जबाब घ्यायला बसलेला. अंगदने त्याला ठोकून दिलं, "म्या हात बी लावला न्हाई. तो पाराच्या दगडावर पडला."

सिस्टरने अंगदला विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? अजिबात सहन होत नसेल तर दहा."

मनगटातून नुसत्या कळा निघत होत्या. पण गोरक्षनाथ टक लावून बघत होता. "दोन," अंगद म्हणाला.

"माझं एक," गोरक्षनाथने लगेच तोंड घातलं.

"मग माझं काहीच न्हाई!"

"कांद्याचा लिलाव लावलाय का इथं?" सिस्टर वैतागली. डॉक्टरांनी वाहतं रक्त बघून अंगदचंच डोकं आधी शिवायला घेतलं. गोरक्षनाथ निवांत पडलाय, असंच सगळ्यांना वाटलं.

अंगदला तसं वाटेना. हा माणूस शिव्या द्यायचा थांबला होता. लहानपणी विळ्याने बोट तुटलं तेव्हाही तो असाच मुकाट, भिंतीकडे तोंड करून पडला होता. आता कपाळ घामाने डबडबलं होतं, ओठ पांढरेफटक. दांडा कुठे बसला, हे अंगदइतकं कुणाला ठाऊक होतं? खरं बोलावं तर तुरुंग, गप्प बसावं तर भाऊ जातो.

टाक्याची सुई डोक्यात असतानाच तो ताडकन उठला. "दादाला बघा आधी! त्याला दहा हाय, दहा! डाव्या बरगडीखाली म्या मारलंय. खाली पडल्यावर परत मारलंय, जीव खाऊन."

डॉक्टरांनी गोरक्षनाथचं पोट दाबलं. ते पाटासारखं कडक लागलं. "आत रक्तस्राव होतोय, ऑपरेशनची तयारी करा!" ते ओरडले. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावले.

हवालदार अंगदजवळ आला. "मघाशी तर पडला म्हणत हुतास?"

स्ट्रेचरवरून गोरक्षनाथने कशीबशी मान उचलली. "लिवू नका सायेब. त्याच्यात कुठं येवढा दम हाय? मला काय बी झालं न्हाई."

अंगदला रडू फुटलं.

"खोटं बोलतोय तो," तो हवालदाराला म्हणाला. "लिवा तुमी. सगळा जोर लावून मारलंय."