खड्ड्यातली चूल

सुमेधाचा जीव त्या खड्ड्यात अडकला होता. नावड्याच्या कॉलनीमागे गोदाम उभं राहायचं होतं, त्याआधी जुन्या वस्तीचा माग काढायला तिने सुतळी लावून चौकोनी खड्डा खणला. खाली लागली काळी, चिकट, शिंपल्यांनी भरलेली माती. पुरातत्त्व खात्यातले तिचे साहेब धर्मराज सर वाकून म्हणाले, "संपलं! हिच्याखाली माणूस नाही. गणपतीची सुट्टी झाली की जेसीबीने बुजवू."

"सर, हा खाडीचा गाळ आहे. समुद्र वर चढला, गाळ टाकून मागे गेला. आधीची माणसं खालीच असणार. दोन फूट द्या फक्त!"

"दोन दिवस सुट्टी देतो. मोदक खा."

मोदक खाऊन ती परतली, तर खड्ड्यावर बॅनर: 'कृत्रिम विसर्जन तलाव'. बाजूला निर्माल्याचा ड्रम. पावसाने तुडुंब भरलेला इतका सुबक चौकोन महापालिकेशिवाय कोण करणार, असं कॉलनीचे सेक्रेटरी विलासकाकांना वाटलं. दीड दिवसाचे एकवीस गणपती आत गेले होते. शाडूचे, विरघळलेसुद्धा.

"काका, काय केलंत हे!"

"अगं, सुतळीपण होती ना! आमाला वाटलं, लाइन लावायला."

काकांनीच घाबरून पंप आणला. पाणी उतरलं. ज्या कोपऱ्यात उभं राहून कॉलनीतल्या पोरांनी एकवीस बाप्पा बुडवले, तिथला गाळ तुडवून तुडवून पार खोल गेला होता. मिठागरात जन्म घालवलेला मजूर गंगाराम आत वाकला.

"पोरी, बघ! खाली तांबडी माती हाय. राखपन हाय."

राखेत चुलीचे दगड, मडक्याचा काठ. सुमेधा गुडघाभर चिखलात फतकल मारून बसली.

तेवढ्यात जेसीबीमागून सर आले. "नॉन्सेन्स! विसर्जनात टाकलं असेल कुणीतरी."

"सायेब, बाप्पासंगं चूल कोन बुडवतो?" गंगाराम म्हणाला.

सुमेधाने करणीने खड्ड्याची भिंत खरवडली. अर्धी चूल अजून भिंतीतच होती, आणि तिच्यावर दोन फूट काळा गाळ, झाकणासारखा अखंड.

"आता सांगा सर, ही भिंतीत कुणी टाकली?"

सरांनी भिंत बघितली, चष्मा पुसला, परत भिंत बघितली.

"जेसीबी मागे घे रे," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"गणपती बाप्पा—" काका ओरडले.

"मोरया!" सगळ्यांत मोठा आवाज जेसीबीवाल्याचा.

सरांनी अहवालात लिहिलं, 'माझ्या सूचनेवरून खोली वाढवली.' लिहू देत. सुमेधाला खड्डा तिप्पट करायची परवानगी मिळाली.

"तिप्पट?" काकांचे डोळे चमकले. "म्हणजे अनंत चतुर्दशीला मंडळाचा मोठा बसेल!"