दळण संपू दे

"बंद केली, आप्पा! गिरणी बंद केली!" दादा आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, तशी नर्स धावत आली आणि चांगली रागावली. इथे आजारी माणसं झोपली आहेत, भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा म्हणाली. आता तिला काय सांगणार? ते भांडण नव्हतंच, ते आमच्या घरचं नेहमीचं बोलणं होतं. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला भिंत लावून आमचं घर. आमच्याकडे गुपितंसुद्धा मागच्या गल्लीला ऐकू जातील अशी सांगतात.

ती गिरणी आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची. ऐन तारुण्यात त्यांनी ती उभी केली आणि तिच्याच घरघरीत आपले कान घालवले. मग घरात खुणा आल्या. अंगठा बोटावर घासला की 'पीठ कसं पडतंय?' आणि तळहात पालथा करून दोनदा खाली दाबला की 'बंद कर'. आम्ही भावंडं पाढ्यांच्या आधी या खुणा शिकलो. वहिनी नवी नवी घरात आली तेव्हा आप्पांनी तिला जेवताना अंगठा बोटावर घासून विचारलं, कसं झालंय जेवण? बिचारीला वाटलं, सासरे पैसे मागतायत. उठून माहेरी फोन लावायला निघाली होती.

तर आता आप्पांच्या तोंडावर मास्क होता. जन्मभर पीठ खाल्लेली फुप्फुसं थकली होती आणि शेजारचं यंत्र जोर लावून हवा आत ढकलत होतं. त्यांना बोलता येत नव्हतं. कालपासून ते सारखा तळहात पालथा करून दाबत होते. दादाला वाटलं, गिरणी बंद कर म्हणतायत. त्याने डोळे पुसत गिरणीला कुलूप घातलं. पण आप्पांचा हात काही थांबेना. उलट ते चिडून जोराने गादीवर हात आपटायला लागले, आणि दादा घसा बसेपर्यंत सांगत राहिला, बंद केली हो, बंद केली.

खरं तर आप्पांच्या तोंडी 'बंद' हा शब्द शोभत नव्हता. उजाडायच्या आत ते गिरणीत असायचे. दगड झिजले की बाहेर कोणाला बोलवायचे नाहीत, स्वतः जमिनीवर बसून छिन्नी-हातोडीने टाकी लावून ते पुन्हा खरबरीत करायचे. आम्हाला बाप दोन रंगांत ठाऊक होता, दिवसभराचा पांढराफटक आणि आंघोळीनंतरचा सावळा. प्रत्येक बाईला डबा देताना त्यांचं एकच वाक्य असायचं, "झाकण लावू नका, गरम आहे अजून." गरम पिठावर झाकण घातलं की आत घाम येतो आणि पीठ बिघडतं, हे साऱ्या गावाला पाठ झालं तरी ते सांगायचेच.

आणि एक नियम होता. वर ओतलेलं दळण संपल्याशिवाय गिरणी थांबवायची नाही, मग आभाळ कोसळो. माझ्या जन्माच्या वेळी आईला कळा सुरू झाल्या, निरोप आला, पण वर कोणाचे तरी गहू ओतलेले होते. आप्पा ते दळून, डबा हातात देऊन निघाले. तोवर मी शेजारणीच्या मांडीवर येऊन पडले होते. आईने हे आयुष्यभर सोडलं नाही. भांडण मिठावरून सुरू होऊ दे नाहीतर पाण्यावरून, शेवटी ती तिथेच यायची, "माझ्यापेक्षा तुम्हाला लोकांचं दळण मोठं." आप्पा मान खाली घालून म्हणायचे, "ओतलं होतं ना वर." बस्स, याच्या पुढे त्यांचा बचाव कधी गेला नाही.

गुडघ्यांमुळे आईला आम्ही घरीच ठेवलं होतं. त्या दुपारी ती हट्टाने आली. आप्पांनी तिच्याकडे बघून तळहात दाबला. "बघ, अजून तेच," दादा म्हणाला. आई थोडा वेळ बघत राहिली. मग तिने त्या हवेच्या यंत्राकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. आप्पांचा हात एकदम शांत झाला.

"गिरणी कुठली रे," आई म्हणाली. "हे बंद करायला सांगतायत. त्यांना घरी यायचंय."

तिला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. दादा ढसाढसा रडला. डॉक्टर भला माणूस, त्याने आम्हाला बसवून समजावलं, की यंत्राने थोडे दिवस वाढतील, फुप्फुसं काही परत यायची नाहीत. घरी नेलंत तर त्रास होणार नाही एवढं औषध आणि छोटा सिलिंडर देतो. मग त्याने यंत्राकडे बोट करून आप्पांनाच विचारलं. आप्पांनी तळहात दाबला.

घरी आम्ही कुजबुजायला लागलो. सवय नाही, त्यामुळे कोणाचं कोणाला कळेना. गिरणीकडच्या भिंतीलगत आप्पांची खाट टाकली होती, पण त्यांना चैन पडेना. हात सारखा भिंत चाचपायचा. आईने दादाला गिरणी सुरू करायला सांगितलं. तो म्हणाला, अशा वेळी? लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोकांचं मला सांगू नकोस, ही शांतता त्यांना सोसत नाही. गिरणी सुरू झाली, भिंत थरथरली. ऐकू तर काहीच येत नव्हतं त्यांना, पण त्यांनी भिंतीवर हात टेकला आणि लहान मुलासारखे झोपले.

नंतरचे दिवस तसेच गेले. एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली एक सून गव्हाचा डबा घेऊन आली. दादाने गहू वर ओतले, मी पीठ पडायची कापडी नळी धरून उभी होते. आप्पांच्या खाटेजवळून उठून आई आतल्या दारात आली. तिने आमच्याकडे बघितलं आणि तळहात पालथा करून दोनदा खाली दाबला.

आम्हाला कळलं. दादाचा हात बटणाकडे गेला. आई गुडघे ओढत आली आणि तिने त्याचं मनगट धरलं. मान वर करून तिने गव्हाकडे बोट दाखवलं. अजून अर्धेअधिक शिल्लक होते.

"संपू दे," ती म्हणाली. त्या घरघरीत ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले.

आम्ही उभे राहिलो. ती सून मोबाईल बघत होती, तिला काय कल्पना. दादाच्या गालांवर पिठात ओघळ उमटले होते. आईने माझ्या हातातली नळी घेतली आणि पडणारं पीठ अंगठ्याने बोटावर घासून पाहिलं. शेवटचा दाणा खाली गेला, तेव्हा तिने दादाकडे बघून मान हलवली. पट्टा फटफटत मंदावला आणि थांबला.

सुनेने डबा उचलला. झाकण लावायला लागली तशी आईने तिचा हात अडवला.

"झाकण लावू नकोस गं," आई म्हणाली. "गरम आहे अजून."