तांब्याची तार आणि लटारूचा अंगठा

समाजमंदिरापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. विजेच्या मोटारींत तार भरणारा लटारू मिस्त्री दोन महिने ओंडक्यासारखा पडला होता; आज तो कुबडी टाकून सात पावलं चालला आणि तार बांधून इलाज करणाऱ्या भैयाजींच्या पायांवर कोसळला. हारांनी भैयाजींचा गळा दिसेना.

मागे उभी उर्वशी नर्स जळून खाक होत होती. लटारूला पहिल्याच दिवशी गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवलं तिनं, परतल्यावर रोज त्याचे पाय हलवून घेतले तिनं, आणि तिच्या वाट्याला हारातली पाकळीसुद्धा नाही!

"नसा मेल्या होत्या, म्या तांब्याच्या तारेनं चार्ज केल्या!" भैयाजी गरजले. "तार बांधतानीच म्हनलं होतं, आज अंगठा हलन. हलला का नाई?"

"हलला!" गर्दी ओरडली.

तेवढ्यात आशाबाईनं आपल्या नऊ वर्षांच्या करिष्माला उचलून आणलं. कालपासून तिच्या पायांत जोर नव्हता, आज हातात चमचा धरवेना. भैयाजींनी तार काढली. "एकवीस दिवस गावाची वेस ओलांडाची नाई."

उर्वशी हेवा विसरून पुढे घुसली. "आशाबाई, हा लटारूभाऊचाच आजार दिसते. हातापर्यंत चढला, आता श्वासाले धरन. दवाखान्यात चला!"

"जळून राह्यली तू!" भैयाजी हसले.

"हो, जळून राह्यली! तो हार माहा होता." ती लटारूच्या बायकोकडे वळली. "रुखमाबाई, खरं सांगा, अंगठा पयले कवा हलला?"

रुखमाबाईनं मान खाली घातली. "तार बांधाच्या आठ दिवस आधी. बरं होऊन राह्यलं म्हनलं तं नजर लागते, म्हून कोनाले सांगतलं नाई. तार बांधाच्या आदल्या दिशी भैयाजीनं एकट्यात इचारलं, त्यायलेच सांगतलं."

उर्वशी आता लटारूकडे वळली.

"मिस्त्री, मोटार जळते तवा काय जळते?" उर्वशीनं विचारलं.

"तारेवरचं वारनिश."

"नसेवर बी तसंच आवरण असते. ह्या आजारात आपलंच शरीर ते खाते. मंग नसेभोवतालच्या पेशी ते आवरण हळूहळू पुन्हा चढवतात. तोवर श्वास सांभाळाले दवाखाना लागते."

लटारूनं घोट्याची तार ओरबाडून काढली. "जलमभर मोटारी भरल्या म्या. वरून तार गुंडाळून मोटार चालू होत नाई, भैयाजी!"

आशाबाई पोरीला घेऊन दवाखान्यात जायला गाडीकडे धावली. हार भैयाजींच्याच गळ्यात राहिले, आणि खरं सांगायचं तर उर्वशीला ते अजूनही खुपत होते.

बाबांनो, आपलं माणूस बरं होऊ लागलं की मोठ्यानं सांगा. आपण झाकून ठेवतो त्याचाच हे लोक चमत्कार करतात.

महिन्याभरानं हातपंपावर आशाबाई साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "उर्वशीबाई, माह्या पोरीचा अंगठा हलला!"