अडतीसच्या खालचं माप

सूनबाईनं कपाकडे हात नेला आणि बाहीचं टोक चहात बुडालं.

"दुमड ती," मी म्हटलं. तीन आठवड्यांत तिच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द.

"दुमडली तरी सुटते, आई."

तीन आठवड्यांपूर्वी ती कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर लागली. मशीनवरची पहिलीच बाई. पुरुषांच्या मशीनवर सून उभी राहणार म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं होतं. घरात सगळे सुखात होते.

पण ती बाही मला दिसायची. बोटांपुढे चार बोटं लोंबणारी. फिरतं मशीन कापड ओढतं, कापडात कोण आहे ते विचारत नाही. तिच्याआधी त्या जागेवर होता, त्याचा हात कोपरापर्यंत गेला. म्हणून तर जागा रिकामी झाली.

"लहान माप माग की."

"मागितलं. अडतीसच्या खाली नाहीच म्हणे."

ते मला तिच्याआधी ठाऊक होतं. त्याच कारखान्याच्या शिवणखात्यात तीस वर्षं हेच गणवेश मी बेतले. अडतीस, चाळीस, बेचाळीस. बेतणाऱ्या आम्ही पंधरा बायका, आणि बाईसाठी एकही बेतला नाही. कुणी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही. मला! जिला दुसऱ्याच्या चुका झोपेतही दिसतात.

कात्री घेतली आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर उडवल्या. गणवेश तिच्या अंगातच होता. ती हलली नाही.

"फोरमन ओरडेल."

"ओरडू दे. त्याची विजारही मीच बेतलीय म्हणावं."

मुलगा दारातून म्हणाला, "आई, नोकरी घालवशील तिची!"

"तू गप्प बस. तुला शर्टाचं बटण लावता येत नाही."

ती गेली. दुपारी कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला. अवेळी वाजतो तेव्हा कुणाला तरी लागलेलं असतं. मी जिन्यात होते, तिथेच पायरीवर बसले.

"चाचणी असेल हो," शेजारीण म्हणाली.

"असेल," मी म्हटलं.

संध्याकाळी सून आली. मी तिच्या तोंडाकडे नंतर पाहिलं, आधी हात पाहिले.

"पलीकडच्या खात्यात," ती म्हणाली. "पत्रा कापायच्या प्रेसवर. एकाची बोटं गेली."

मग तिनं पुडकं टेबलावर ठेवलं. नवा गणवेश. पूर्ण बाह्यांचा, अडतीस.

"पुन्हा कापलास तर येऊ नकोस, फोरमन म्हणाला. आणि उद्यापासून मोठ्या लेथवर."

मी टेप काढली. "कापायचा नाही. आतून मुडपायचा."

"त्याला दिसलं तर?"

"तीस वर्षांत माझी टीप कुणाला दिसली? हात पुढे कर."

दंड, कोपर, मनगट. आकडे कागदावर मांडले, पण वर काय लिहावं ते सुचेना. शिवणखात्यात प्रत्येक मापाच्या वर एकच शब्द छापलेला असायचा. तो आठवून आठवून लिहिला. कामगार. चारच अक्षरं, पण वेळ लागला. तोवर ती हात पुढे धरून उभी होती.